दादाचा डावा गाल

मशीन घ्यायची घाई मलाच झाली होती. शनिवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात तीस वर्षं मी पेस्ट भरलेला ट्रे लोकांच्या तोंडात कोंबून दातांचं माप घेत आले. लोकांना उमासे यायचे, डोळ्यांतून घळाघळा पाणी. आता टूथब्रशपेक्षा थोडा जाड कॅमेरा दातांवरून फिरवला, की दोन मिनिटांत अख्खा जबडा पडद्यावर. मध्ये गाल आला तर सॉफ्टवेअर तो आपोआप पुसतं, कारण कॅप करायला गाल लागत नाही. मी तर हरखूनच गेले.

ट्रे बसवण्याआधी गालाच्या आतून बोट फिरवायची माझी सवय होती. गाठ, चट्टा, जखम, सगळं त्या बोटाला कळायचं. कॅमेरा आल्यावर बोट फिरवणं सुटलं. कधी सुटलं, विचारू नका. सांगता येणार नाही.

माझा थोरला भाऊ स्वारगेटला कंडक्टर होता, आता निवृत्त. खालच्या डाव्या दाढेला कॅप बसवायला आला. "बघू तुझं नवं खेळणं, डॉक्टरीणबाई," म्हणत खुर्चीत बसला. दुसरा कोणी असता तर तंबाखूबद्दल खोदून खोदून विचारलं असतं, जीभ वर करायला लावली असती. पण घरच्या माणसाला कसलं तपासायचं! तंबाखू सोडली असं तो सगळ्यांना सांगायचा. मीही मान डोलावली.

कॅमेरा फिरवताना पडद्यावर गालाचा एक तुकडा उमटला. त्यावर पांढरट, खडबडीत काहीतरी होतं. मी ते पाहिलं. पुढच्या क्षणी सॉफ्टवेअरनं ते पुसून टाकलं. थुंकी असेल, म्हटलं, आणि पुढे सरकले. कॅप इतकी सुरेख बसली की तिचा फोटो मी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. काय तो माझा उत्साह!

सात महिन्यांनी दादा आला तो तोंड नीट उघडत नाही म्हणून. मी गालात बोट घातलं. कडक लागलं. त्याच दिवशी तुकडा काढून तपासायला पाठवला. बायोप्सीत कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये गालाबरोबर डाव्या बाजूचा खालचा जबडा काढला. माझी कॅपही त्याच्यासकट गेली.

त्या आठवड्यात मी जुनी फाइल उघडली. नुसते दात, स्वच्छ, गुळगुळीत. गालाचा मागमूस नाही. आता मला कोणी काही विचारू शकणार नाही, हा विचार मनात पहिल्यांदा आला. लाज वाटते सांगायला, पण आला.

हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा दादाच्या नाकात नळी होती, बोलता येत नव्हतं. मला हुंदका आवरेना. त्यानं उशाशी ठेवलेली वही ओढली, हळूहळू काहीतरी लिहिलं आणि वहिनीकडे दिली. वहिनीनं मोठ्यानं वाचलं, "रडू नकोस. तेव्हा काही असतं तर तुला दिसलंच असतं."

वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. "हो ना, वन्सं?"

मी "हो" म्हणाले. दादानं माझा हात थोपटला.