उरलेल्या बोंडाला उणे पाच

मलकापूरच्या शाळेतल्या रोबोट स्पर्धेचे नियम मीच लिहिले होते. टेबलावर पऱ्हाटीची झाडं रोवायची आणि यंत्राने कापूस वेचायचा. झाडावर राहिलेल्या प्रत्येक बोंडाला उणे पाच गुण. झाडं मी आमच्याच वावरातून घाईत उपटून आणली होती, त्यामुळे प्रत्येक संघाच्या वाट्याला चार-दोन मिटलेली बोंडंही आली. बीटी कपाशीतही बोंडअळी पडू लागल्याचे ते दिवस.

मोताळ्याच्या एका मुलीच्या यंत्राने फुटलेला कापूस अलगद ओढला आणि मिटलेली चार बोंडं सोडून दिली. मी वीस गुण कापले.

ती म्हणाली, "सर, ते फुटलंच नाही ना. कच्चं बोंड तोडलं तं माय वावरातून हाकलून देते मले."

हे मला ठाऊक नव्हतं? माझी आई जन्मभर कापूसच वेचत आली. पण पाहुण्यांसमोर स्वतःचा नियम चुकला म्हणायला जीभ रेटेना. "नियम म्हणजे नियम," मी खेकसलो.

पहिल्या आलेल्या यंत्राच्या टोपलीत हिरवी बोंडं होती. एक चिरडलं होतं आणि त्यातून गुलाबी अळी बाहेर आली होती. कुणाला दिसायच्या आत मी ते बोंड खिशात कोंबलं. बक्षीस एकाच हाताने दिलं. दुसरा हात खिशावर होता, आणि त्या मुलीची नजरही.