तिच्या वाट्याचा बलक

माझ्या बायकोच्या डाव्या डोळ्यात फूल पडले ते माझ्यामुळे. डॉक्टरांनी तिच्यासाठी सांगितलेली अंडी मी खाल्ली. चोरून खाल्ली असती तर निदान चोर म्हणवून घेता आले असते. मी ती उजेडात, पाटावर बसून खाल्ली. वाढणारी तीच होती.

निजामी जाऊन दोन-अडीच वर्षे झाली होती. शाळांतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि झरीजवळच्या एका खेड्यात मी नवा मास्तर झालो होतो. घरात आई, बायको आणि अंगावर पिणारी मुलगी. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि ठेचा. भाजी बाजाराच्या दिवशी आली तर आली. ती आधी मला, मग आईला, मग शेवटी बायकोला. ती काय जेवते हे मी कधी पाहिले नाही. ती जेवायला बसेपर्यंत मी ओट्यावर पान खात बसलेलो असे.

त्या हिवाळ्यात ती दिवेलागणीला धडपडू लागली. एकदा भरलेली घागर उंबऱ्यावर आपटली. एकदा खेळत्या मुलीच्या हातावर पाय पडला. मुलगी किंचाळली तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहून ठेवतो, कारण आता झाकून उपयोग नाही. मी म्हणालो, "डोळे फुटले का तुझे?" ती मुलीचा हात चोळत बसली.

खरे काय ते शेजारणीने सांगितले. शेजारीण धनगराची, शेळ्यामेंढ्या राखणारी, तोंडाने फटकळ. तिने मला शाळेच्या वाटेवर गाठले आणि विचारले, तुमची बाई सांजच्याला भिंत चाचपत चालायलीय, तुमाला ठाव हाय का न्हाई? मला ठाऊक नव्हते. एकाच घरात राहून ठाऊक नव्हते.

बैलगाडीने परभणीला गेलो. दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्क. त्यांनी तिच्या पापण्या वर करून पाहिल्या, नखे पाहिली आणि मला बाजूला घेतले. म्हणाले, हिला रातांधळे झाले आहे. अंगात डोळ्यांपुरतेही सत्त्व उरलेले नाही, जे होते ते दुधातून लेकराला गेले. अंड्याच्या बलकात ते असते, बकरीच्या काळजात असते. काळीज रोज कुठून आणशील? अंडे गावात मिळते. मग ते त्यांच्या दखनीत म्हणाले, "रोज अंडा खिलाव. लेकिन जर्दी उसीच के पेट में जाना." जर्दी म्हणजे बलक. तो तिच्याच पोटात गेला पाहिजे, असे त्यांनी का बजावले, हे मला त्या वेळी कळले नाही. आमच्यासारखे नवरे त्यांनी बरेच पाहिले असावेत.

अंड्यांची सोय शेजारणीनेच केली. तिच्या कोंबड्या आमच्याकडे अर्धलीने होत्या. म्हणजे कोंबडी तिची, दाणापाणी आमचे, आणि खुडूक बसवून निघालेली पिल्ले निम्मी निम्मी. अशी अंडी कोणी खात नाही, ती पिल्लांसाठी राखायची असतात. पण ती म्हणाली, पिल्लांचं पुढल्या साली बघू, आधी हिचे डोळे.

अडचण घरात होती. आई माळकरी. तिने नाही म्हटले नाही, हे मला सांगितलेच पाहिजे. ती म्हणाली, औषध हाय तर खाऊ दे, पण गोठ्यात शिजवा, वेगळ्या भांड्यात. आणि आमच्या घरचा जुना नेम होता तो तिने सांगितला. पुरुषाने बाहेर अंडे-मटण खाल्ले तर चूळ भरून घरात यावे. बाईने खाल्ले तर त्या दिवशी चुलीला, घागरीला आणि देवाला शिवू नये. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतले की मोकळी. पुरुषाला चूळ, बाईला आंघोळ. मी हा नेम लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यात काही वाकडे आहे असे मला वाटले नाही.

आता रोज अंडे खायचे म्हणजे बायकोने रोजच चुलीपासून दूर राहायचे. मग भाकरी कोणी थापायची? पहिले दोन दिवस आईने थापल्या. तिची कंबर धरलेली. एकेका भाकरीला ती अशी कण्हे की गल्लीला ऐकू जावे. बायको गोठ्यात मान खाली घालून बसे. थंडीत पहाटे डोक्यावरून पाणी घेऊन तिला खोकलाही धरला. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर ती चुलीपुढे होती. गोठ्यात ताट मांडलेले होते. म्हणाली, "मी मघाशीच खाल्लं. हे तुमचं."

ती चुलीपुढे होती, याचा अर्थ तिने खाल्ले नव्हते. हे समजायला मास्तर असावे लागत नाही. मी पाट ओढून बसलो.

पुढे ते रोजचेच झाले. गोठ्यात तीन दगडांची चूल, एक काळी तवली, एक कानफुटका तवा. ती फार चांगले करायची. पाणी उकळले की अंडी हलकेच सोडायची आणि बलक मऊ असतानाच काढायची; जास्त शिजवले की बलकाभोवती हिरवट कडे धरते आणि चव जाते, हे तिचे तिनेच शोधून काढले होते. कधी कांदा, हिरवी मिरची बारीक चिरून करडीच्या तेलात अंड्याची पोळी. कधी येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचे मसालेदार पीठ, घालून पातळ रस्सा, आणि तो उकळत असताना अंडी त्यातच फोडून सोडलेली, ढवळायची नाहीत, झाकण ठेवून तशीच थिजू द्यायची. भाकरी मोडून त्या रश्श्यात कुस्करली की मला दुसरे काही नको असे. जे तिला चाखता येत नव्हते ते तिने वासावर आणि अंदाजावर इतके नीट जमवले होते. मी चूळ भरून घरात जाई.

त्याच दिवसांत मी शाळेत फळ्यावर अंडे काढून धडा शिकवला. पांढऱ्याने अंग भरते, बलकाने रक्त वाढते, नजर टिकते. पाण्यात टाकलेले अंडे तळाशी आडवे राहिले तर ताजे, तरंगले तर टाकून द्यावे. बाळंतिणीला, अंगावर पाजणारीला तर ते अमृतच. मुले घोकत होती. सगळे खरे होते. आजही त्यातले एक अक्षर खोटे नाही.

शेजारणीला कळायला वेळ लागला नाही. ती एका दुपारी गोठ्याशी आली तेव्हा मी जेवत होतो. तिने माझ्या ताटाकडे पाहिले, मग घराच्या दाराकडे. बायको आत धुणे पिळत होती.

ती म्हणाली, "मास्तर, मी अंडी हिच्या डोळ्यांसाठी सोडली व्हती. तुमच्या गालांसाठी न्हाई."

मी तिला सांगितले की हा आमच्या घरातला मामला आहे. ती हसली. म्हणाली, "व्हय तर. घर तुमचं, गाल तुमचे. डोळे तेवढे तिचे." आणि निघून गेली. मी ताट संपवले. आता हे लिहिताना त्याच गोष्टीची सर्वांत जास्त किळस येते. बोलणे ऐकूनही मी ताट संपवले.

त्याच दिवशी आईकडे जाऊन एवढेच म्हणायचे होते की नेम थोडे दिवस बाजूला ठेव. मी म्हटले नाही. आई रागावेल, जेवण टाकेल, गाव म्हणेल मास्तराने बायकोपायी आईची माळ बाटवली. अशी कारणे मी स्वतःला देत होतो. त्यांच्या तळाशी दुसरे कारण होते. अंडी मला आवडू लागली होती.

उन्हाळा लागता लागता तिचा डावा डोळा लाल झाला, मग कोरडा, मग त्यात पांढरा ठिपका दिसू लागला. पुन्हा परभणी. तेच डॉक्टर. त्यांनी तिला विचारले, अंडी खाल्लीस? ती हो म्हणाली. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी खाली पाहिले. या वेळी त्यांनी माशाच्या तेलाची बाटली दिली, आणि सांगितले की उजवा वाचेल, डाव्याचे आता काही होणार नाही.

घरी आल्यावर मी आईला सगळे सांगितले. मला वाटले होते ती नशिबाला बोल लावेल. ती उठली, गोठ्यातली तवली उचलून आणली आणि घरातल्या चुलीवर ठेवली. मग म्हणाली, "तू एकदा तोंड उघडून बोलला असतास, तं मी काय तिला आंधळी करणार व्हते का?"

त्या दिवसापासून आई स्वतः समोर बसून सुनेला अंडे खाऊ घाली. स्वतःची भाकरी ती वेगळ्या विटांच्या चुलीवर भाजून घेई. नेम मोडायला एवढेच लागले. डोळा जाण्याआधी मोडला असता तर तेवढेच लागले असते. पावसाळ्यापर्यंत बायकोला तिन्हीसांजेचे दिसू लागले. एका डोळ्याने.

मी माफी मागितली नाही. तिने कधी विषय काढला नाही, आणि तिचे गप्प बसणे म्हणजे माफीच, असे मी सोयीने धरून चाललो. अशी वर्षे गेली. आमचा मुलूख मुंबई राज्यात आला. गावात ग्रामसेविका येऊ लागल्या, आणि एकदा बायांच्या सभेत आहारावर बोलायला मला उभे केले. बायको पुढेच बसली होती. बलकाचे गुण सांगता सांगता मी सगळ्यांसमोर सांगून टाकले. हिच्याकडे बघा, म्हणालो, हिची अंडी मी खाल्ली, मी गुन्हेगार आहे. काही बायांनी डोळ्यांना पदर लावला. सरपंचांनी माझ्या खरेपणाचे कौतुक केले. टाळ्याही वाजल्या. मला हलके वाटले.

बायको घरी माझ्यापुढे चालत गेली, मागे न पाहता. दार लावून म्हणाली, "तुमाला टाळ्या मिळाल्या. मला काय मिळालं? चार बायांनी माझा पदर सारून डोळा बघितला."

इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच असे बोलली. मी काही समजावू लागलो तर तिने हात वर करून थांबवले. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात ज्वारी पाखडत होती. डोळा गेल्यापासून ती सूप उजव्या अंगाला धरते. मी जवळ जाऊन बसलो. आजूबाजूला कोणी नव्हते, याची मी आधी खात्री करून घेतली. ती पाखडत राहिली. मी म्हणालो, "तू खात नव्हतीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू लपवलंस म्हणून मी फसलो नाही. मला चांगली लागायची म्हणून मी खाल्ली, आणि आईपुढे बोलायचं धाडस नव्हतं म्हणून गप्प राहिलो. काल सभेत बोललो तेही माझ्यासाठीच. चुकलो. मला माफ कर."