ठोक्याचा फुगवटा

नव्या कोऱ्या गाडीने पन्नास वर्षांपूर्वीचं तोंड घेऊन फिरावं, अशी हौस असणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे चाळीस वर्षं गाड्या रंगवूनही मला कळलेलं नाही. असे लोक आमच्याकडे येतात. गाडीला लांब नाक, बुटकं छप्पर, दोनच दारं आणि मागे बसणाऱ्याचे गुडघे त्याच्याच हनुवटीला. तिला मसल कार म्हणायचं. बॉनेटवर दोन नाकपुड्या असतात, इंजिनाला हवा मिळावी म्हणून. मी एकदा बोट घालून पाहिलं, तर अर्ध्या बोटावर प्लास्टिक. मागे मधोमध एक गोल चकचकीत झाकण असतं. जुन्या गाड्यांत तिथून पेट्रोल भरायचे. आता ते नुसतं चिकटवलेलं, पेट्रोल बाजूने भरतात. इंजिनाची डरकाळी ऐकू येते ती स्पीकरमधून. आणि एवढं सगळं करून मालक माझ्यासमोर उभा राहून सांगतो, "काका, वरून दोन पांढरे पट्टे मारा, पण जुने वाटले पाहिजेत." मी मारतो. पोटाचा धंदा आहे. मनातल्या मनात त्याला काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं आठवलं ते ठोक्यामुळे. ठोक्या म्हणजे दुकानातला माझा भागीदार, पत्र्याचा कारागीर. अपघात झालेली गाडी आधी त्याच्याकडे जाते, तो पोचे काढतो. मग ती माझ्याकडे येते आणि मी त्याची पापं पुट्टीखाली पुरून वर रंग मारतो. हे वाक्य त्याला आवडत नाही. "माझ्या कामाला पुट्टी लागत नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. लागते. डबेच्या डबे लागते. माणूस ठेंगणा, मान जवळजवळ नाहीच, उजव्या कानाने बहिरा, कारण तो कान जन्मभर हातोडीच्या बाजूला. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची त्याला सवय नाही, तो गाडीकडे बघतो. लग्नाच्या फोटोतही तो वहिनींकडे न बघता फोटोबाहेर कुठेतरी बघतोय. वहिनी सांगतात, तिथे कुणाची तरी गाडी उभी होती.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात चादरीखाली त्याची स्वतःची गाडी असते. तेविसाव्या वर्षी त्याने ती भंगारातून उचलली. डाव्या बाजूला मागून ट्रक घुसला होता, तिथे पत्रा म्हणण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. कंपनीने त्या प्रकारच्या गाड्या मोजून तीनशे काढल्या होत्या आणि लोकांनी त्यांना इतकं नाक मुरडलं की पुढे बंदच केल्या. हा त्यांचा थोर वारसा. ठोक्याकडे ना नकाशा, ना फोटो. तशी न ठोकलेली, धड गाडी त्याने आयुष्यात एकदाच पाहिलेली, तीही पुलावर, मागून, लांब निघून जाताना. तेवढ्या आठवणीवर तो पाच महिने पत्रा ठोकत बसला. मागच्या चाकावर पत्रा जितका उचलायला हवा त्याहून चार बोटं जास्त उचलला गेला. पत्रा एकदा ताणला गेला की मागे घेणं महाकठीण. एक बाजू सपाट, एक फुगलेली, गाडी कुशीवर वळल्यासारखी दिसायला लागली.

शहाण्या माणसाने डावी बाजू तोडून पुन्हा केली असती. या गृहस्थाने धडधाकट उजवी बाजू कापून काढली आणि ती डावीसारखी चुकीची केली. त्यात आणखी सहा महिने गेले. मी म्हटलं, "अरे, बरोबर होतं ते कशाला बिघडवलंस?"

"बरोबर होतं," तो म्हणाला, "पण बघवत नव्हतं."

वरून मी गडद निळा रंग मारला. नऊ थर. तसा रंग मी आधी कधी मारला नव्हता आणि नंतर कधी जमला नाही. गाडी त्याची असली तरी तिच्यात माझंही काहीतरी होतं, आणि कुणी चादर काढली की मी काहीतरी निमित्त काढून तिथे जाऊन उभा राहायचो.

अशी पस्तीस वर्षं गेली. मग एका गिऱ्हाइकाने गाडीचा फोटो काढून कुठेतरी टाकला आणि आठवड्यात कंपनीची माणसं दारात. त्यांना ती जुनी गाडी नव्याने काढायची होती. तीनशेतली दुसरी एकही गाडी त्यांना सापडली नव्हती आणि आपले जुने नकाशे त्यांनी जागा अडते म्हणून कधीच रद्दीत घातले होते. जुन्या जाहिराती होत्या, पण त्यांतली चित्रं हाताने काढलेली, गाडी आहे त्याच्या दीडपट लांब आणि शेजारी उभी असलेली बाई निम्मी. त्यामुळे आमची गाडी म्हणजे त्यांना घबाड वाटली. पाच जण आले, पाचांचे काळे शर्ट. त्यांच्यातल्या मुख्य माणसाने डोक्यावर गॉगल चढवलेला, तोही आमच्या दुकानात, जिथे दिवसा दिवा लावावा लागतो. आम्ही त्याचं नाव गॉगल ठेवलं.

गॉगलने मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग म्हणाला, "हाच तो आपला वारसा."

मला हसू दाबणं जड गेलं. मी ठोक्याकडे पाहिलं, तर तो फुलून आला होता. त्याला वाटलं, इतक्या वर्षांनी आपलं काम कुणीतरी ओळखलं. पुढचे दोन दिवस ते लोक यंत्राने उजेड टाकून गाडीचं इंच न् इंच मोजत होते आणि हा त्यांच्यासाठी चहा आणायला स्वतः जात होता. माझ्यासाठी तो कधी कोपऱ्यापर्यंत गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी गॉगलने एक कागद पुढे केला. गाडीचे सर्व पत्रे कारखान्यातून निघाले त्याच स्थितीत आहेत, असं त्यावर लिहिलेलं. खाली सही करायची. सही केली की गाडी कंपनीच्या मोठ्या हॉलमध्ये नव्या गाडीच्या शेजारी उभी राहणार आणि पुढे पितळी पाटी लागणार, जतन करणारा म्हणून ठोक्याच्या नावाची.

ठोक्याने कागद दोनदा वाचला. "मागचे पत्रे कारखान्यातले नाहीत," तो म्हणाला. "मी केलेत."

"दुरुस्ती केली असेल तुम्ही," गॉगल म्हणाला. "ती सगळेच करतात. त्याने काही बिघडत नाही."

"दुरुस्ती नाही हो. हा फुगवटा मूळ गाडीला नव्हताच. माझ्या हातून झाला तो. चुकून."

गॉगल हसला. "काका, हा आमच्या मूळ डिझायनरचा हात आहे. त्याची रेघ आम्ही झोपेतही ओळखू. आमचं शिक्षणच त्यावर झालंय."

"ओळखत असाल. पण ही त्याची नाही."

गॉगलने कागदाची घडी केली. "नसेल करायची सही तर राहू दे," तो गोड आवाजात म्हणाला. मापं तर घेऊन झाली होती. अर्ध्या तासात यंत्रं गाडीत भरून पाचही जण गेले. जाताना एकाने माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं, म्हातारा सटकलाय अशा अर्थाने. खरं सांगतो, तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

मी ठोक्याला बोल बोल बोललो. वहिनी दुपारचा डबा घेऊन आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि डबा टेबलावर आपटला. "भाऊजी, तुम्हीच सांगा. या माणसाने संसारात माझ्यावरून जेवढा हात फिरवला नाही तेवढा त्या गाडीवरून फिरवलाय. निदान चार लोकांत मिरवायची तरी होती. पाटीवर नाव येत होतं की."

"जतन करणारा म्हणून," ठोक्या म्हणाला. "मी काय राखणदार आहे? मी केलीय ती."

पत्र्याच्या कारागिराचं काम चांगलं झालं, म्हणजे ते झालंय हे कुणालाही कळत नाही. ठोक्याने जन्मभर लोकांचे अपघात पुसले. मालक गाडीभोवती फेरी मारून म्हणायचा, "वा, जसं काही झालंच नव्हतं." हीच त्याला मिळणारी शाबासकी. जगात आधी नव्हती अशी एकच गोष्ट त्याच्या हातून झाली होती, तीही चुकून, आणि ती आपली आहे एवढंच त्याला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. मला हे समजत होतं. तरी मी त्याला मूर्ख म्हटलं, कारण तो मूर्खच आहे.

दीड वर्षाने नवी गाडी बाजारात आली. नाकपुड्या बंद, झाकण खोटं आणि मागच्या चाकावर ठोक्याचा फुगवटा, मापून चार बोटं. सोबत जाहिरातीची फिल्म. कधीच वारलेल्या त्या डिझायनरने म्हणे दबा धरून बसलेलं जनावर पाहिलं आणि एका झटक्यात ही रेघ ओढली. त्यानंतर फिल्ममध्ये खुद्द गॉगल आला. सांगत होता की त्यांनी चारशे लोकांना गाड्यांच्या पाच वेगवेगळ्या पाठी दाखवल्या आणि दहातल्या आठ जणांनी हीच निवडली. का, असं विचारल्यावर लोक म्हणाले, लहानपणीची आठवण होते. कुठलं लहानपण? त्या फुगवट्याची अख्ख्या जगात एकच गाडी होती आणि ती आमच्याकडे चादरीखाली होती. लोकांना कशाचीही आठवण होते, फक्त कुणीतरी आधी सांगावं लागतं की ही तुमची आठवण आहे.

ठोक्याने फिल्म माझ्या फोनवर दोनदा पाहिली. फोन परत देत म्हणाला, "रंग काढ."

"कसला?"

"माझ्या गाडीचा. पत्रा उघडा पडला की हातोडीचे ठसे दिसतील. कारखान्यातल्या पत्र्यावर ते नसतात. जोडही दिसेल. फोटो काढून पाठवू त्यांना."

"नऊ थर आहेत माझे त्यावर."

"माहीत आहे."

"आणि बघणार कोण आहे रे तुझे ठसे?"

"तू काढतोस की मी काढू?"

त्याने यंत्र लावून सगळ्याची माती केली असती, म्हणून मीच बसलो. चार दिवस हाताने घासायचा पेपर मारत होतो. मला फार वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, त्याचा, गॉगलचा, त्या चारशे लोकांचा. तिसऱ्या दिवशी निळा संपून पत्रा दिसायला लागला. ठोक्या शेजारी उभा होता. वाकून म्हणाला, "मधली पुट्टी कुठे गेली?"

"नव्हतीच," मी म्हणालो. "या दोन पत्र्यांना लागली नाही."

"आणि हे तू आज सांगतोयस?"

मी पेपर मारत राहिलो. पस्तीस वर्षं मला ते ठाऊक होतं आणि पस्तीस वर्षं मी पुट्टीवरून त्याची टिंगल करत आलो होतो. पत्रा पूर्ण उघडा झाला तेव्हा दोन्ही बाजूंना बारीक ठसे दिसले, हजारोंनी, एकाला लागून एक. मी फोटो काढले, चांगल्या अक्षरात सगळी हकिकत लिहिली आणि कंपनीला पाठवून दिली.

दोन महिन्यांनी पत्र आलं, जाड कागदावर. ठोक्याच्या चांगल्या कानाशी बसून मी ते मोठ्याने वाचलं. "आपण पाठविलेल्या छायाचित्रांची आमच्या तज्ज्ञांनी तपासणी केली. सदर गाडीचे मागील दोन्ही पत्रे कारखान्यात तयार झालेले नसून ते नंतर कुणीतरी हाताने बनविलेले आहेत, असे निष्पन्न झाले आहे. सबब ही गाडी मूळ स्वरूपातील गाड्यांच्या यादीतून वगळण्यात येत आहे. आमच्या नवीन गाडीच्या रचनेशी या बाबीचा कोणताही संबंध नाही."

माझं डोकं फिरलं. मी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आपलीच चोरी पकडून देणाऱ्याला हे लोक नकली ठरवतात, वर तज्ज्ञ म्हणवतात. वहिनी डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मी दमून थांबलो तेव्हा ठोक्या म्हणाला, "मधलं ते वाक्य पुन्हा वाच."

"कुठलं?"

"हाताने बनवल्याचं."

मी वाचलं.

"असं लिहिलंय त्यांनी? कारखान्यातलं नाही, हाताने बनवलंय?"

"लिहिलंय. पण पुढे बघ ना, यादीतून काढून टाकलंय तुला."

"ते असू दे. शिक्का आहे खाली?"

"आहे. सहीपण आहे गॉगलची."

त्याने पत्र माझ्या हातातून घेतलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. "कुणीतरी म्हणजे मीच," तो वहिनींना म्हणाला. आणि पहिल्यांदाच मी त्याला बोलताना समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघताना पाहिलं.

मग तो माझ्याकडे वळला. "तुझं अक्षर चांगलं आहे. तिथे माझं नाव लिही."

कंपनीच्या सही-शिक्क्याच्या पत्रात आपण काही लिहायचं नसतं, एवढं मला कळतं. मी बारीक ब्रश घेतला, "कुणीतरी" वर आडवी रेघ मारली आणि खाली त्याचं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. अक्षर जरा मोठं आलं आणि शेवटची दोन अक्षरं शिक्क्यावर गेली. जाऊ देत.