चवीपुरतं मीठ

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला कावळा शिवत नव्हता, तो माझ्यामुळे. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सासूबाई नेहमी म्हणायच्या, "मीठ चवीपुरतं टाक." किती, ते कधी सांगितलं नाही. चवीपुरतं म्हणजे त्यांच्या चवीपुरतं, एवढं मला वीस वर्षांत कळलं. शेवटची दोन वर्षं निलंग्याच्या डॉक्टरांनी त्यांचं मीठच बंद केलं. मग ताट पुढे आलं की त्या म्हणायच्या, "अगं, चवीपुरतं तरी टाक की!" मी टाकलं नाही. (मी सासूबाईंना भीत होते. पण डॉक्टरांना जास्त.)

श्राद्धाचं वरण मीच केलं. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, म्हणून कुणी चाखलं नाही. पान पत्र्यावर ठेवलं. खाली साठ माणसं उपाशी थांबली. कावळा लिंबावर बसून नुसता बघत होता.

"अक्काचा जीव कशात तरी अडकून राहिलाय," सासूबाईंचे धाकटे भाऊ म्हणाले. आम्ही त्यांना मामा म्हणतो.

आमच्या ह्यांनी हात जोडले. "आई, तंबाखू सोडली!"

कावळा हलला नाही.

भावजी पुढे आले. "आई, दादासंगं भांडणार न्हाई!"

कावळ्यानं तोंड फिरवलं.

"लई मोठं काहीतरी हाय," मामा म्हणाले.

तेव्हा मला आठवलं. सासूबाईंसाठी रांधायचं तर मीठ टाकायचं नाही, ही दोन वर्षांची हाताला सवय! वरणात मीठच नव्हतं.

चारचौघांत बोलायची माझी हिंमत नाही. मुठीत मीठ घेतलं आणि शिडी चढले.

"अगं, कुठं निघालीस?" हे ओरडले.

"पाणी ठेवायचं राहिलं." (हातात तांब्या नव्हता!)

वर जाऊन पुटपुटले, "आत्याबाई, चुकलं," आणि चिमूटभर मीठ वरणात टाकलं. मी खाली उतरते तोच कावळा पानावर! सगळ्यांचे डोळे भरून आले. ह्यांना वाटलं, तंबाखूमुळेच.

पंगत बसली. पहिला घास घेतला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कावळ्याच्या पानात मीठ टाकलं, माणसांचं पातेलं तसंच राहिलं होतं! मी मिठाची वाटी घेऊन धावले. मामांनी हात आडवा केला.

"ऱ्हाऊ दे, सूनबाई. समजलं मला. अक्काचं पथ्याचं जेवण केलंस तू, तिची याद म्हणून."

मग कुणीच मीठ घेतलं नाही. साठ माणसं डोळे पुसत अळणी जेवली. आणि मी वाटी पदराखाली लपवून, मुद्दामच केल्यासारखी, मान खाली घालून वरण वाढत राहिले.