पल्लवीचा कॉम्प्युटर आणि माझ्या हाताच्या मुंग्या

कॉम्प्युटरला हात लावला की मुंग्या येतात, असं मी किती दिवस ओरडत होते, पण घरातल्या एकानंही विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेल्या बाईला करंट कळतो होय! किस्से साठतात ते असेच. एकानं खरं बोलायचं, बाकीच्यांनी हसायचं, आणि दर हसण्याला एक किस्सा.

पल्लवी, माझी लेक, पुण्याच्या कंपनीचं काम कोल्हापुरात घरी बसून करते. मीटिंग ऐन रंगात आली की कॉम्प्युटर पटकन बंद, परत चालू! साहेबांनी दमच भरला, "आता पुन्हा झालं तर पुण्यालाच राहायला या." लेक घर सोडून जाणार म्हटल्यावर मी गप्प बसणार होय?

*

माझे दीर सुभाष म्हणाले, "वैनी, तुमास्नी भास हुतोय!" आणि चपला घालूनच कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. "बघा. काय तरी हाय का?"

मी नुकतीच फरशी पुसली होती. म्हटलं, "चपला काढा की भावजी."

काढल्या. ओल्या फरशीवर उभे राहिले, डब्याच्या पत्र्याला हात लावला, आणि अशी उडी मारली की खुर्ची आडवी!

जेवताना सगळ्यांना सांगत होते, "पाय घसरला!"

*

मेकॅनिकच्या दुकानात मात्र कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चालायचा. घरी आणला की परत तेच. मेकॅनिक म्हणाला, "मावशी, तुमच्या नायलॉनच्या साडीमुळं होतंय. स्टॅटिक म्हणतात त्याला."

भावजींना तेवढंच पाहिजे होतं. मला पल्लवीच्या खोलीत बंदी!

मी सुती साडी नेसून, अनवाणी गेले. मुंग्या! नायलॉनची नेसून, चपला घालून गेले. काही नाही! लगेच मेकॅनिकला फोन लावला, "साडी सुटली रं बाबा. आता दुसरा चोर शोध!"

*

थंडीत पल्लवी स्वेटर घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठली, हेडफोनला हात लावला. चट्! ठिणगी उडाली आणि कॉम्प्युटर बंद.

"आई, मला पण शॉक बसला गं!"

"तुझा चट् करून गेला. माझा हात ठेवीस्तोवर चालतोय. तुझा येगळा, माझा येगळा. पण दोन्हीला जमिनीत जायला वाट न्हाय, म्हणून डब्यातच दंगा चाललाय!"

पल्लवीनं मान डोलावली. घरातलं पहिलं मत मला पडलं.

*

मग मी कुणाला न विचारता वायरमनला बोलावलं. त्यानं डब्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! मी सगळ्यांकडं एकदा नजर फिरवली. कुणी हसलं नाही.

"अर्थिंग कुठं हाय?" त्यानं विचारलं.

आमचे मालक, म्हणजे पल्लवीचे वडील, छाती काढून म्हणाले, "मागच्या दारी! खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाईप पुरलाय. मी सोता उभा राहून काम करून घेतलंय!"

सगळे मागं गेलो. पाईप होता. पाईपाची वायर तुटून लोंबत होती. आणि पाईपाला दावं बांधून आमची म्हैस, सगुणा, निवांत रवंथ करत होती.

"पावणं, हिला हितं कुणी बांधली?" वायरमननं विचारलं.

मालक म्हणाले, "खुंटा मोडलाय की. हा पाईप कसा, हलत न्हाय, म्हणून…"

ती रोज हिसडे मारणार, वायर किती दिवस टिकणार?

वायर नवी जोडली, म्हैस आंब्याला बांधली. मी ओल्या पायानं उभी राहून दोन्ही तळहात डब्यावर दाबले. काही नाही! पल्लवीची मीटिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत चालली. साहेब म्हणाले, "घरूनच करा काम."

त्या दिवशी मी जेवण वाढलंच नाही. म्हटलं, आधी एकेकानं माझ्यासमोर म्हणायचं, "तुझं खरं होतं." भावजी म्हणाले. पल्लवी तर दोनदा म्हणाली.

राहिले मालक. ते उठले, मागच्या दारी गेले, म्हशीच्या पाठीवर एक थाप मारली आणि तिथूनच ओरडले, "चूक झाली, मान्य हाय! पण माझी न्हवं. सगळी चूक हिची, ह्या सगुणाची!"