चौदाव्या पायरीचे ‘काहून’

१९ जानेवारी २०२३. मृत दोन, जखमी एक.

जबलपुरातल्या अधारतालच्या मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एका खासगी कारखान्यात त्या दिवशी सकाळी पावणेअकरा वाजता, रबराचे भाग वाफेवर पक्के करण्याच्या टाकीचे दार आत दाब असताना उघडले गेले. नथ्थू रैकवार आणि प्रथमेश इंगळे जागीच मरण पावले. तिसरा कामगार वाचला. चौकशीचा अहवाल नऊ पानांचा झाला. त्याच्या सहाव्या पानावर अपघाताचे कारण नोंदले आहे: माहितीपुस्तिकेतील चौदावी पायरी पाळली गेली नाही, ‘श्रमिकों की लापरवाही’.

ती माहितीपुस्तिका ज्यांच्या हातून तयार झाली त्या सरोजिनी तामस्कर आज एक्कावन्न वर्षांच्या आहेत. त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपुराहून जबलपुरात आले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी विभागणी त्या घराने तीन पिढ्या सांभाळली. १९९६ साली, बाविसाव्या वर्षी, सरोजिनीबाई या कारखान्यात टंकलेखक म्हणून लागल्या. फोरमन भाऊराव डोंगरे यांनी सांगायचे आणि त्यांनी टंकायचे, अशा रीतीने सहा वर्षांत एक्केचाळीस यंत्रांच्या पुस्तिका तयार झाल्या.

पुस्तिका हिंदीत होत्या. भाऊराव प्रत्येक पायरी हिंदीत सांगत, मग क्षणभर थांबत आणि मराठीत म्हणत, “आता काहून ते लिही.” काहून म्हणजे का; पायरी का पाळायची, याची दोन-तीन वाक्ये त्यापाठोपाठ येत. संगणकावरच्या मजकुराला तेव्हा हाताने खुणा लावाव्या लागत: हे शीर्षक, ही पायरी, ही टीप. कारणासाठी खूण कोणती लावावी हे खुणांच्या मार्गदर्शिकेत नव्हते. सरोजिनीबाईंनी कानावर येत होता तोच शब्द खूण म्हणून लावला: काहून. छापताना त्या जागी ‘कारण’ असा मथळा आणि भोवती चौकट येई. ‘काहून’ हा शब्द कामगारांना कधी दिसला नाही. तो फाइलीच्या आत राहिला.

कारण सांगण्याची ही पद्धत भाऊरावांनी कोठून शिकून घेतलेली नव्हती. ज्याला आपण हुकूम देतो तो विचार करू शकतो, एवढे त्यांनी गृहीत धरले होते. आपल्या कारखान्यांत हे गृहीत धरणारे लोक थोडे आहेत. ते निवृत्त होतात तेव्हा त्यांच्याबरोबर काय गेले हे कोणी तपासत नाही.

२०२० साली एका मोठ्या ग्राहकाने सर्व पुस्तिका नव्या, प्रमाणित खुणांच्या स्वरूपात मागितल्या. ते काम करणारे रूपांतराचे सॉफ्टवेअर आणले गेले. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत एक यादी भरायची होती: जुनी कोणती खूण नव्या कोणत्या खुणेत बदलायची. जुन्या फाइलींत छपाईच्या शेकडो निरुपयोगी खुणा साचल्या होत्या: कागदाचा आकार, ओळीतले अंतर, बंद पडलेल्या प्रिंटरची चिन्हे. त्यातल्या प्रत्येकीपाशी सॉफ्टवेअर अडून बसे. सरोजिनीबाईंनी मार्गदर्शिकेतल्या खुणा एकेक करून यादीत उतरवल्या आणि शेवटी एक ओळ लिहिली: यादीत नसलेल्या खुणा मजकुरासह वगळा.

‘काहून’ यादीत नव्हते. घरात रोज वापरला जाणारा शब्द कार्यालयाच्या यादीत टाकावा लागेल, असे त्यांना सुचले नाही. पडद्यावर उत्तर आले: काम पूर्ण, त्रुटी शून्य. पुस्तिकांची पाने जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटली. व्यवस्थापकांनी बैठकीत त्यांचे कौतुक केले. फापटपसारा गेला, असे ते म्हणाले.

गेल्या वर्षी, जुलैमध्ये, पुस्तिका टॅब्लेटवर आणायचे ठरले. २०२०ची प्रत तेथे नीट बसेना, म्हणून पुन्हा मूळ फायली काढल्या. सॉफ्टवेअरची आवृत्ती नवी होती आणि ती न ओळखलेल्या प्रत्येक खुणेची तक्रार नोंदवत होती. मदतीला अनुपम बापट हा तरुण अभियंता होता. त्याला मराठी सगळे समजते. बोलताना तो वाटेत हिंदीत उतरतो.

“दीदी, ये काहून क्या है?” तक्रारींची यादी खाली सरकवत त्याने विचारले. “आजी म्हणते ते काहून?”

“तेच.”

“टॅगचं नाव काहून? किसने रखा?”

“मी.”

अनुपम मोकळेपणाने हसला. “धन्य आहात! बघा, मशीन तुम्हालाच विचारून राहिली. काहून? काहून? दोन हजार एकशे सतरा वेळा. माझी आजीपण इतक्यांदा नाही विचारत.” मग त्याने कळफलक पुढे ओढला. “चलो, एक लाइन टाकतो. लिस्टमध्ये नाही ते ड्रॉप. पाच मिनिटात साफ.”

“थांब,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “ती ओळ मी आधी कुठेतरी लिहिली आहे.”

त्यांनी २०२०ची सेटिंग फाइल उघडली. अडतिसाव्या ओळीवर तो आदेश होता. शेजारी त्यांच्याच नावाची आद्याक्षरे आणि तारीख होती. मग त्यांनी वाफेच्या टाकीची मूळ पुस्तिका उघडली आणि चौदावी पायरी वाचली. काटा शून्यावर आला तरी दार उघडण्यापूर्वी टाकीच्या पोटाखालचा छोटा नळ उघडून वाफ येते का पाहा. त्याखाली ‘काहून’ होते: दाबाचा काटा बाहेर जाणाऱ्या नळीवर बसवलेला आहे, टाकीवर नाही. मध्ये रबराचा चुरा अडकला तर नळी रिकामी होते आणि टाकी भरलेलीच राहते. काटा तेव्हाही शून्यच दाखवतो.

२०२०च्या प्रतीत फक्त पहिले वाक्य होते.

पोटाखालच्या त्या नळापर्यंत पोचायला माणसाला गरम टाकीजवळ गुडघ्यांवर बसावे लागे. काटा शून्य दाखवत असताना हे कशासाठी करायचे, हे नव्या पुस्तिकेत कोठेही लिहिलेले नव्हते. नथ्थू आणि प्रथमेश दोघेही २०२१ साली कामावर आले होते. त्यांनी जुनी प्रत पाहिलीच नव्हती. वाचलेल्या कामगाराने जबाबात सांगितले होते की काटा शून्यावर होता. तो जबाब अहवालाच्या चौथ्या पानावर आहे आणि सहाव्या पानाने त्याची दखल घेतलेली नाही.

सरोजिनीबाईंनी अनुपमला ती ओळ टाकू दिली नाही. पुढचे अकरा दिवस सॉफ्टवेअरने त्यांना छळले. नव्या स्वरूपात पायरीच्या आत दुसरी खूण चालत नव्हती. त्यांनी ‘काहून’ यादीत घातले, तर सगळी कारणे पायऱ्यांतून निघून प्रकरणाच्या शेवटी जाऊन पडली. पायरीच्या लगेच खाली ठेवण्याचा नियम लिहिला, तर प्रत्येक कारणानंतर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले. टाकीच्या पुस्तिकेत चौदावी पायरी पहिली झाली. क्रमांक बांधून ठेवले, तर चौकटी गेल्या. त्या एका फाइलीत बदल करीत आणि दुसरी फाइल तो निमूटपणे रद्द करी. कोणती कोणावर चालते हे सांगणारे पान सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत होते, पण ते जुन्या आवृत्तीचे होते.

“दीदी, ‘टीप’मध्ये टाकून द्या ना,” नवव्या दिवशी अनुपम वैतागून म्हणाला. “टीप चालते. टॅब्लेटवर छोटं बटन येतं, दाबलं की उघडते. मजकूर तर राहील! आणखी काय पाहिजे?”

मार्ग सोपा होता, पण होकार देण्याचा अधिकार आपला आहे असे सरोजिनीबाईंना वाटेना. रविवारी त्या महाराजपुरात भाऊराव डोंगरे यांच्याकडे गेल्या. भाऊराव एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि मुलीच्या घरी राहतात. त्यांना कमी ऐकू येते. सरोजिनीबाईंना सर्व दोनदा सांगावे लागले, अडतिसाव्या ओळीसकट.

भाऊरावांनी विचारले, “नथ्थू कोण? उंच होता तो?”

“तुमच्यानंतर आला, काका. तुम्ही नाही पाहिलं त्याला.”

“मग त्यानं मला पाहिलं नसंल. पुस्तकच पाहिलं.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “तू तेव्हा चहा गार करत बसायची, आणि मी काहून सांगत बसायचो. तुला वाटायचं म्हातारा पाल्हाळ लावून राहिला.”

“नाही वाटायचं.”

“वाटायचं! वाटलं नसतं तं यादीत राहिलं असतं.”

सरोजिनीबाईंनी ते ऐकून घेतले. मग त्यांनी टिपेचे विचारले.

“बटनामागं?” भाऊराव म्हणाले. “दार उघडायच्या घाईत असलेला माणूस बटन दाबते का वं? टीप वाचणं वाचणाऱ्याच्या मर्जीवर. काहून पायरीच्या पोटात पाहिजे. पायरी वाचली की काहून वाचल्याशिवाय पुढं सरकताच नाही आलं पाहिजे.” निघताना त्यांनी विचारले, “आणि त्या पोरांवर काय लिहिलं हाय?”

“लापरवाही.”

“ते कोण काढणार?”

बाराव्या दिवशी सरोजिनीबाईंना नियम सापडला. पायरीचा मजकूर आणि कारण यांना मिळून एकच पायरी मानायचे, आणि क्रमांक फक्त दोघांना वेढणाऱ्या बाहेरच्या खुणेला द्यायचा. आठ ओळी पुरल्या. मूळ फाइलींत २,११७ कारणे होती. नव्या प्रतींतही २,११७ मोजली गेली. यावेळी त्यांनी पडद्यावरच्या शून्यावर विश्वास ठेवला नाही. एक्केचाळीसही पुस्तिका त्यांनी मूळ प्रत शेजारी ठेवून वाचल्या.

नथ्थूची पत्नी विनता कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करते. अडीच वर्षे सरोजिनीबाई तिच्या हातचा चहा घेत होत्या. काम संपल्यावर त्या कँटीनच्या मागच्या बाजूला गेल्या आणि विनताला सर्व सांगितले. स्वतःचे नाव वगळले नाही. विनता हातातली किटली न ठेवता ऐकत होती.

“ढाई साल से सब हमसे पूछते हैं, दीदी. सास पूछती है, मोहल्ला पूछता है, काहे खोला उन्ने?” ती म्हणाली. “हम तो कहते रहे कि काँटा देख के ही खोला होगा. उन्ने कभी गैस का बटन तक दो बार देखे बिना नहीं छोड़ा.” मग तिने किटली खाली ठेवली. “आप मुँह से काहे बता रही हो? मुँह से तो हम भी कह रहे थे. कागज पे लिख दो.”

सरोजिनीबाईंनी लिहिले. दोन पानांच्या पत्रात पहिल्या पानावर चौदाव्या पायरीचे दोन्ही पाठ समोरासमोर होते. दुसऱ्या पानावर त्यांनी लिहिले की २०२० साली कारण वगळणारा आदेश आपला होता, तेव्हा कोणीही प्रत ताडून पाहिली नाही, आणि अहवालाच्या सहाव्या पानावरील निष्कर्ष बदलावा. पत्र घेऊन त्या व्यवस्थापक चंद्रशेखर कानिटकर यांच्याकडे गेल्या.

कानिटकरांनी पहिले पान वाचले. “अच्छा, म्हणजे पुस्तिका दुरुस्त झाली. बहुत बढ़िया. हेच पाहिजे होतं.”

“दुसरं पान, सर.”

त्यांनी ते वाचले आणि पत्र उलटे ठेवले. “तामस्कर बाई, तुमची सात वर्षं उरलीत. कोणी तुमच्यावर बोट ठेवलेलं नाही. मी पण नाही ठेवत.”

“मी ठेवते आहे, सर. निदान त्या दोघांवरचं तरी उचला.”

“ती फाइल बंद झाली. समितीच्या सह्या आहेत. पुढं पुस्तिका सुधारली, पुढं कोणी मरणार नाही. बंद झालेली फाइल आता काहून उघडायची?”

“ते लिहिलं आहे,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “दुसऱ्या पानावरच आहे.”

भविष्यातला धोका टाळला की भूतकाळातला अन्याय आपोआप मिटला, अशी संस्थांची समजूत असते. सुधारणा ही कबुलीच्या जागी वापरली जाते. सुधारणेवर सही करायला लोक मिळतात. कबुलीवर सही करणारी येथे एक टंकलेखक बाई होती, आणि तिच्या सहीला अहवाल बदलण्याचा अधिकार नव्हता.

पत्रावर आवक-शिक्का पडला. त्याखाली शेरा आहे: ‘तकनीकी सुधार पूर्ण’. ते पुस्तिकांच्या फाइलीत लावले गेले, अपघाताच्या फाइलीत नाही. सरोजिनीबाईंनी त्यानंतर तीन स्मरणपत्रे दिली. त्यांवर शेरा नाही. त्यांनी पत्राची शिक्का मारलेली एक प्रत विनताला दिली आहे आणि दुसरी प्रथमेशच्या आईला टपालाने पाठवली आहे. पुस्तिका आता टॅब्लेटवर आहेत. टाकीवर नवे लागलेले कामगार चौदाव्या पायरीला गुडघ्यांवर बसतात आणि खालचा नळ उघडून पाहतात.

अहवालाचे सहावे पान बदललेले नाही. ‘श्रमिकों की लापरवाही’ हे शब्द तेथे आहेत. नथ्थू रैकवार आणि प्रथमेश इंगळे यांचे एवढे देणे बाकी आहे.