गोळ्यांचे डोहाळे

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडी आधीची गोष्ट. लग्नाला चार वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं आणि मी कोल्हारच्या शाळेत मास्तर असल्यामुळे गावाला त्याची काळजी माझ्यापेक्षा जास्त होती. त्यात बायकोचं अंगावरून जाणं थांबेना. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीचं अस्तर खरवडून तपासायला पाठवलं. कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा, अस्तरापुरता.

"पिशवी काढून टाकू," बाई म्हणाल्या.

"मूल झाल्यावर काढा," बायको म्हणाली. पाहुणे गेल्यावर भांडी घासू म्हणावं, तसं.

बाईंनी बराच विचार केला. हॉर्मोनच्या गोळ्या देऊन पाहू, काही महिन्यांनी अस्तर पुन्हा तपासू. रोग तिथेच असला तर मात्र वाद घालायचा नाही. खात्री कसलीच नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी घरी येऊन या रोगावरची जाडजूड पुस्तकं मागवली. बायको विचारायची, "अहो, सापडलं का मूल पुस्तकात?" म्हातारपणी ती गेली, त्याला आता वर्ष होत आलं. पलीकडून टोमणा येत नाही, म्हणून लिहायला वेळ लागतो.

गोळ्यांनी तिला विलक्षण भूक लागे. अंग भरलं. आजाराचं आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या मावशींनी तिच्याकडे पाहून काढायचा तो अर्थ काढला आणि हिरव्या चिंचा पाठवल्या. मग पेरू, मग कैऱ्या.

"मास्तर, आता तरी पुस्तक खाली ठिवा," त्या मला म्हणाल्या. "लई लपवता तुमी!"

मी लाजलो. त्यांची खात्रीच पटली.

बायको सगळं खात होती. "मी कुठे खोटं बोलले? दिलं ते खाल्लं."

पण मावशी एक दिवस हिरवं लुगडं घेऊन डोहाळजेवणाचा दिवस ठरवायला आल्या, तेव्हा तिचं हसू मावळलं. तिने त्यांना बसवून खरं काय ते सांगितलं. मावशी बराच वेळ लुगड्यावरून हात फिरवत राहिल्या.

"ऱ्हाईल का गं पिशवी?"

"पुढच्या आठवड्यात कळेल."

"मंग माज्या चिचा फुकट गेल्या म्हन," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. "लुगडं काय नासत न्हाई. ठिवते."

पुण्यात बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. अस्तर साफ होतं. "पण वेळ दवडू नका," त्या म्हणाल्या. "रोग परत येऊ शकतो."

"ते ह्यांना सांगा. नाहीतर आधी पुस्तक मागवतील."

बाई पहिल्यांदाच हसल्या. मलाही हसायचं होतं, पण मी चष्माच पुसत बसलो.

मुलगी झाली. ती जरा मोठी होताच, कबूल केल्याप्रमाणे बायको ऑपरेशनला निघाली. मी मुलीला घेऊन ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशीच अडलो. मुलगी रडायला लागली. आत नेत असताना बायकोने मान वळवली.

"अहो, उभे काय राहिलात? फिरवा तिला जरा."

मी फिरवत राहिलो.